शिक्षक आणि पाठ्यपुस्तकाची निवड

मुलाच्या दप्तरांतून जें पहिलें पुस्तक घरीं येतें, तें पुष्कळ घरांत त्या घराचेंहि पहिलेंच पुस्तक असतें. परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत अशीं घरें आजहि आहेत. भिंतीवरची दिनदर्शिका, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, बँकेचें पासबुक आणि एखादी पोथी यांपलीकडे छापील अक्षर जेथें शिरलेलें नाहीं, तेथें जून महिन्यांत एक कोरें करकरीत पुस्तक येतें, आणि आई-बाप तें हात पुसून हातांत घेतात. विद्येशीं त्या कुटुंबाची ही पहिली भेट होय. ही भेट सुखाची झाली, तर मूल पुढें जातें. ती भीतीची झाली, तर मूल पुस्तकाला दोष देत नाहीं. तें स्वतःला दोष देतें. ‘मला येत नाहीं’ हे तीन शब्द एकदां मुलाच्या मनांत बसले, म्हणजे ते काढावयास शिक्षकाला वर्षें लागतात, आणि तितका काळ तें मूल पुष्कळदां शाळेंत टिकतच नाहीं. म्हणून कोणत्या मुलाच्या हातांत कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न दिसतो त्याहून पुष्कळच मोठा आहे.

या प्रश्नाला ‘चांगलें पुस्तक द्यावें’ असें उत्तर सहज दिलें जातें. परंतु तें अपुरें आहे. औषध लागू पडेल कीं नाहीं, हें रोग्याला पाहिल्यावांचून वैद्याला सांगतां येत नाहीं; पुस्तकाचेंहि तसेंच आहे. पुस्तक चांगलें खरें, पण कोणासाठीं, असें विचारल्यावरच निवडीस आरंभ होतो. हा ‘कोणासाठीं’ चा प्रश्न सेलूच्या भागांत किती खोल गेलेला आहे, हें कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

सेलू हें मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव, कापसाच्या बाजारपेठेचें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. त्या राज्यांत दरबाराची व कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, आणि प्राथमिक वर्गांच्या वर शिक्षणाचें माध्यमहि प्रामुख्यानें उर्दूच असे. १९१७ सालीं हैदराबादेंत भाषांतराचें स्वतंत्र खातें निघालें. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ सुरू झालें. इतिहास, गणित, भौतिक शास्त्रें, कायदा, वैद्यक अशा विषयांचे ग्रंथ या खात्यानें उर्दूंत आणले. इंग्रजीवांचून उच्च शिक्षण होणेंच नाहीं, असें मानणाऱ्या काळांत देशी भाषेंतून तें देतां येतें, हें त्या विद्यापीठानें करून दाखविलें. हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

परंतु ज्या तत्त्वानें उर्दू पुस्तक उर्दू बोलणाऱ्या मुलाला वरदान ठरलें, त्याच तत्त्वानें तें दुधना-गोदावरीकाठच्या मराठी मुलाला ओझें ठरलें. भूगोल शिकण्याआधीं त्याला भूगोलाची भाषा शिकावी लागे. विषय बुद्धीनें पकडला तरी लेखणी अडखळे, आणि परीक्षेंत लेखणीवरूनच बुद्धीची किंमत होई. औरंगाबादेची सरस्वती भुवन (१९१५) किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी (१९१७) अशा शाळा या प्रदेशांत लोकांच्या वर्गणींतून व कष्टांतून उभ्या राहिल्या, त्यामागें राष्ट्रीय भावना होतीच. पण आपल्या मुलाला समजेल असें शिक्षण त्याला मिळावें, ही साधी निकडहि होती.

पलीकडे मुंबई इलाख्यांत वेगळी कथा घडली. तेथें शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं १८२२ सालींच एक संस्था निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं गणिताचीं मराठी पुस्तकें झालीं, १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण आलें, आणि पुढें मेजर कँडी यांच्या नजरेखालून शाळाखात्याचीं क्रमिक पुस्तकें निघालीं. विसाव्या शतकांत खाजगी वाचनमाला आल्या. आचार्य अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेचें आणि अरुण वाचनमालेचें नांव त्या पिढीच्या मुलांच्या तोंडीं राहिलें. मंजूर झालेल्या पुस्तकांतून शाळेनें आपलें पुस्तक घ्यावें, अशी त्या वेळची रीत होती. या रीतीचा गुण असा कीं, पुस्तकांपुस्तकांत चढाओढ लागली आणि लेखकांना मुलाच्या तोंडाकडे पाहून लिहावें लागलें. तिचा दोष असा कीं, निवड कधीं कधीं पुस्तक पाहून न होतां विक्रेता पाहून होई. आणि पुस्तक बदललें कीं थोरल्याचें पुस्तक धाकट्याला निरुपयोगी होऊन बापाला पुन्हा पैसे मोजावे लागत.

१९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि २७ जानेवारी १९६७ रोजीं पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मितीचें मंडळ, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची ‘बालभारती’, स्थापन झाली. एकच पुस्तक, एकच किंमत. मुंबईच्या मुलाला जें चित्र, जी कविता, तेंच चित्र आणि तीच कविता सेलूच्या मुलाला. हा समतेचा लाभ थोडा नव्हे. पुढें १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अंमलांत आला. सरकारी व अनुदानित शाळांतून पहिली ते आठवीच्या मुलांना आतां पुस्तकें विनामूल्य मिळतात. ज्या बापाला पूर्वीं पुस्तकांसाठीं उसनवारी करावी लागे, त्याची ती विवंचना मिटली आहे.

मात्र १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें या बाबतींत आणखी एक गोष्ट सुचविली होती, तिच्याकडे पुढें दुर्लक्ष झालें. पुस्तकें तयार करण्याचा भार राज्यानें घ्यावा, हें सांगतांनाच आयोगानें असेंहि म्हटलें होतें कीं, प्रत्येक इयत्तेसाठीं प्रत्येक विषयाचीं निदान तीन-चार पुस्तकें असावींत आणि आपल्या शाळेला योग्य वाटेल तें निवडण्याची मोकळीक शिक्षकांस असावी. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेंहि एकाहून अधिक पुस्तकांची गरज पुन्हा मांडली. प्रत्यक्षांत राज्य मंडळाच्या मराठी शाळेंत मुख्य पुस्तक ठरूनच येतें. सेलूच्या नूतन विद्यालयासारखी मोठी शाळा असो कीं एखाद्या खेड्यांतील जिल्हा परिषदेची दोन शिक्षकांची शाळा असो, तेथें शिक्षकाला ‘हें नको, तें द्या’ असें म्हणण्याची सोय नाहीं.

मग शिक्षकानें निवडावयाचें उरलें काय? नीट पाहिलें तर पुष्कळ उरलें आहे. मंडळाच्या पुस्तकांतील कोणता धडा आधीं घ्यावा, कोणत्या धड्याला किती दिवस द्यावे, कोठें आपलें उदाहरण जोडावें, ही एक निवड. वर्गाच्या कपाटांत पूरक वाचनासाठीं कोणतीं पुस्तकें ठेवावींत, ही दुसरी. पालकांना कोणत्या स्वाध्यायपुस्तिका व गाईडें घ्यावयास सांगावींत, किंवा सांगूंच नयेत, ही तिसरी. आणि बालवाड्यांत व मध्यवर्ती मंडळाशीं संलग्न असलेल्या पुष्कळ खाजगी शाळांच्या खालच्या वर्गांत खाजगी प्रकाशकांचीं पुस्तकें लावलीं जातात, तेथें तर मुख्य पुस्तकाचीच निवड शाळेच्या हातीं असते. या चारहि ठिकाणीं लावावयाच्या कसोट्या बहुतेक सारख्याच आहेत.

पहिली कसोटी भाषेची. पुस्तक स्वतः वाचून तें सोपें आहे, असें शिक्षकानें ठरवूं नये. शिक्षकाला तें सोपें वाटणारच. पुस्तकाच्या मधलें कोणतेंहि एक पान उघडावें. पहिलें पान उघडूं नये, कारण पहिलें पान प्रत्येक लेखक जपून लिहितो. वर्गांतील तीन मुलें एकेक करून जवळ बोलवावींत. एक हुशार, एक मध्यम आणि एक मागें पडलेलें. मुलानें तें पान मोठ्यानें वाचावें आणि शब्द अडला कीं हाताचें एक बोट मिटावें. पान संपण्याच्या आंत पांचहि बोटें मिटलीं, तर तें पुस्तक त्या मुलाला एकट्यानें वाचावयास जड आहे. दोन-तीन मिटलीं, तर शिक्षकाच्या मदतीनें तें चालेल. एकहि मिटलें नाहीं, तर तें पुस्तक आनंदासाठीं घरीं न्यावयास उत्तम. ही पांच बोटांची रीत अनेक देशांतील शिक्षक वापरतात. तिला खर्च नाहीं, तक्ता नाहीं, वरिष्ठांची परवानगी नाहीं.

एवढ्यानें मात्र परीक्षा पुरी होत नाहीं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावें आणि मुलाला म्हणावें, ‘आतां तुझ्या शब्दांत सांग.’ पुष्कळ मुलें अक्षर न् अक्षर अचूक उच्चारतात आणि अर्थ विचारला कीं खालीं पाहतात. अशा वेळीं दोष डोळ्यांचा नसतो, जिभेचाहि नसतो. वाक्य मुलाच्या ओळखीच्या जगांत उतरलेलें नसतें. निवडीच्या वेळीं तिघांपैकीं मागें पडलेल्या मुलाच्या वाचनाला अधिक वजन द्यावें. हुशार मूल कोणत्याहि पुस्तकावर शिकतें. मध्यम मूल शिक्षकाच्या जोरावर शिकतें. मागें पडलेल्या मुलाला मात्र चुकीचें पुस्तक शाळेबाहेर घालवूं शकतें.

दुसरी कसोटी परिसराची. समजा, एखाद्या पुस्तकांत समुद्राच्या भरती-ओहोटीचा धडा आहे. सेलूच्या बहुतेक मुलांनीं समुद्र पाहिलेला नसतो. म्हणून तो धडा वाईट ठरत नाहीं. मुलाला त्याच्या गांवापलीकडचें जग दाखविणें हेंहि पुस्तकाचें कामच आहे. पण पुस्तक जवळून दूर नेतें कीं एकदम दूर नेऊन सोडतें, हें पाहिलें पाहिजे. सेलू तालुक्यांतच ब्रह्मवाकडीजवळ निम्न दुधना प्रकल्पाचें धरण आहे. पावसाळ्यांत पाणी चढतें आणि उन्हाळ्यांत काठ उघडा पडतो, हें तेथील मुलांना दिसतें. शिक्षकानें तेथून आरंभ करावा आणि मग सांगावें कीं, धरणाचें पाणी चढावयास पावसाचे महिने लागतात, समुद्राचें पाणी मात्र चंद्र-सूर्याच्या ओढीनें दिवसांतून दोनदां चढतें-उतरतें. साम्यापेक्षां येथें भेदच अधिक शिकवितो. पुस्तकांत हा पूल नसेल तर तो शिक्षकानें बांधावा. आणि ज्या पुस्तकांत असे पूल पानोपानीं बांधावे लागतात, तें पूरक वाचनासाठीं निवडूं नये.

परिसराचें हें महत्त्व मंडळानेंहि मानलेलें आहे. इयत्ता तिसरीच्या परिसर अभ्यासाचीं पुस्तकें जिल्ह्याजिल्ह्यासाठीं वेगळीं काढण्यांत आलीं. परभणी जिल्ह्याच्या मुलाला परभणीचें, रत्नागिरीच्या मुलाला रत्नागिरीचें. सबंध राज्याला एकच पुस्तक सर्व ठिकाणीं सारखें लागूं पडत नाहीं, याची ही कबुलीच होय. जें तिसरींत एका विषयापुरतें मंडळानें केलें, तें प्रत्येक इयत्तेंत व प्रत्येक विषयांत शिक्षकाला स्वतः थोडेंथोडें करावें लागतें. कापसावरचा धडा असेल तर ‘पऱ्हाटी’ हा घरचा शब्द फळ्यावर ‘कपाशी’ च्या शेजारीं लिहावा. पुस्तकी शब्द शिकविण्यासाठीं घरचा शब्द पुसून टाकण्याचें कांहीं कारण नाहीं.

तिसरी कसोटी क्रमाची आणि ओझ्याची. एका धड्यांत एकच नवी अडचण असावी. भाषाहि नवी, कल्पनाहि नवी आणि मांडणीहि नवी, असें झालें कीं मुलाला आपण नेमके कोठें अडलों, हेंच कळत नाहीं. या संबंधांत २०१९ सालचा एक प्रसंग बोधप्रद आहे. त्या वर्षीं इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’ याच्या जोडीला ‘वीस एक’, ‘सत्त्याण्णव’ याच्या जोडीला ‘नव्वद सात’ अशीं संख्यावाचनें देण्यांत आलीं आणि महाराष्ट्रभर वाद माजला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें असें होतें कीं, मराठी संख्यानामांतील जोडाक्षरें आणि बोलण्याचा उलटा क्रम यांनीं लहान मुलें गोंधळतात. विरोधकांचें म्हणणें असें कीं, पिढ्यान्पिढ्यांचीं संख्यानामें सोडणें म्हणजे भाषेचें नुकसान. दोन्ही पक्षांचे लेख झाले, चर्चा झाल्या. पण या वादाचा खरा निकाल कोणत्याहि शिक्षकाला आपल्या वर्गांत एका तासांत पाहतां येण्यासारखा होता. दहा संख्या जुन्या रीतीनें सांगाव्या, दुसऱ्या दहा नव्या रीतीनें सांगाव्या, मुलांनीं अंकांत लिहाव्या आणि चुका मोजाव्या. ज्या मुलाला नव्या रीतीचा आधार लागतो, त्याला तो द्यावा; आणि आधार पक्का झाला कीं बाजारांत, घरांत, आजीच्या तोंडीं ऐकूं येणारें जुनें नांव त्याच आधारावर शिकवावें. पुस्तकानें दोन वाटा दिल्या होत्या. कोणत्या मुलाला कोणत्या वाटेनें न्यावयाचें, तें शिक्षकानें ठरवावयाचें होतें.

चवथी कसोटी प्रश्नांची. धड्याखालचे प्रश्न पाहून पुस्तकाचा स्वभाव कळतो. उत्तराचें वाक्य धड्यांतून जसेंच्या तसें उचलून वहींत उतरतां येईल, असे प्रश्न पुष्कळ असतील, तर तें पुस्तक लेखनिक तयार करील. ‘घरांतील मोठ्या माणसाला विचारून लिही’, ‘मोजून पाहा’, ‘असें का झालें असावें’ अशा प्रश्नांनीं मूल पुस्तकांतून उठून जगाकडे जातें आणि परत येतें. मात्र येथेंहि मुलाची परिस्थिति पाहावी. संगणकावर चित्र शोधून चिकटवावयास सांगणारा प्रश्न ज्या घरांत संगणक नाहीं, तेथें अभ्यास राहत नाहीं. तो खर्च होतो, आणि कधीं कधीं अपमानहि होतो.

पांचवी कसोटी पुस्तकाच्या शरीराची. अक्षर ठळक आहे का, ओळींत पुरेसें अंतर आहे का, चित्र मजकुराला धरून आहे कीं केवळ जागा भरण्यासाठीं आहे, शिवण वर्षभर टिकेल का, हें सर्व हातांत घेऊन पाहावें. मराठी वर्णमालेच्या लेखनाविषयीं ६ नोव्हेंबर २००९ रोजीं शासनाचा निर्णय निघाला, आणि त्यांत ‘ल’ व ‘श’ यांसारख्या अक्षरांचीं मराठी वळणें ठरवून देण्यांत आलीं. तरीहि बाजारांतल्या अनेक अंकलिप्या हिंदी वळणाच्या अक्षरांत छापलेल्या आढळतात. फळ्यावर एक ‘ल’ आणि पुस्तकांत दुसराच ‘ल’ पाहून सहा वर्षांचें मूल दोन्ही विसरतें. वजनाचाहि विचार हवा. २०२० सालच्या राष्ट्रीय धोरणानें दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें, असें सांगितलें. म्हणजे वीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर सर्व मिळून दोन किलो. प्रत्येक नवें पूरक पुस्तक निवडतांना, तें शाळेंतच ठेवतां येईल का, हें आधीं पाहावें.

या पांच कसोट्या वर्गांतील सर्व मुलांना एकाच मापानें लावून भागत नाहीं, आणि सेलूच्या भागांत तर मुळींच नाहीं. एकाच बांकावर बसलेल्या तीन मुलांच्या घरच्या भाषा तीन असूं शकतात. एकाच्या घरीं मराठी, दुसऱ्याच्या घरीं दखनी वळणाची उर्दू, आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरीं गोरमाटी. उर्दू शाळेंत जाणाऱ्या मुलासाठीं मंडळाचें उर्दू पुस्तक आहे. तांड्यावरच्या मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तक उघडावें लागतें. जी अडचण एके काळीं मराठी मुलाला उर्दू पुस्तकानें आली, तीच आज या मुलाला मराठी पुस्तकानें येते. ज्या समाजानें ती अडचण स्वतः सोसली, त्याला ती दुसऱ्याच्या बाबतींत दिसूं नये, ही खेदाची गोष्ट होईल. अशा मुलांसाठीं शिक्षकानें थोड्या शब्दांचीं आणि मोठ्या चित्रांचीं पुस्तकें मुद्दाम निवडावींत. चित्रावर बोट ठेवून ‘तुमच्या घरीं याला काय म्हणतात?’ असें विचारावें आणि तो शब्द देवनागरींत पाटीवर लिहून दाखवावा. आपल्या आईचा शब्द मास्तरांनीं लिहिला, हें पाहिलेलें मूल मराठी शब्दाला परका मानीत नाहीं.

दुसरा भेद हजेरीचा. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत शेतावर जाणारीं, किंवा दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठीं निघालेल्या आई-बापांबरोबर कारखान्याकडे जाणारीं मुलें परभणी जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यासाठीं धड्यांचा क्रम ही केवळ सोयीची बाब राहत नाहीं. वजाबाकींत हातचा कसा घ्यावा, हें दसऱ्याआधीं पक्कें झालें नाहीं, तर तें त्या वर्षीं बहुधा होतच नाहीं. म्हणून ज्यांवर पुढचें सर्व उभें आहे असे धडे शिक्षकानें आधीं घ्यावे, आणि जातांना मुलाच्या पिशवींत असें एक पातळ पुस्तक द्यावें कीं, जें पांच बोटांच्या कसोटींत एकहि बोट न मिटतां पार झालें आहे. खोपीवर शिकवावयास कोणी नसतें; तेथें जड पुस्तक उघडलेंच जात नाहीं, आणि हलकें पुस्तक दहा वेळां वाचलें जातें.

आतां पालकांच्या खिशाचा प्रश्न. मंडळाचें पुस्तक विनामूल्य मिळालें तरी गाईड, स्वाध्यायपुस्तिका, अपेक्षित प्रश्नसंच यांवर पैसा जातोच. आणि शिक्षकाच्या एका शब्दावर तो जातो. मजुरीवर जगणाऱ्या घरांत त्या शब्दाची किंमत एका दिवसाची मजुरी असूं शकते. म्हणून पालकाला कांहीं घ्यावयास सांगण्यापूर्वीं शिक्षकानें स्वतःला एवढेंच विचारावें कीं, हें पुस्तक घेतल्यानें मुलाला असें काय करतां येईल, जें त्यावांचून करतां येणार नाहीं? तयार उत्तरें पाठ होतील, एवढेंच उत्तर येत असेल, तर तें पुस्तक न घेतलेलेंच बरें.

याउलट थोड्या पैशांत पुष्कळ साधणारी जागा म्हणजे वर्गाचें कपाट. तेथें एका पुस्तकाच्या चाळीस प्रतींपेक्षां चाळीस निरनिराळीं पुस्तकें असावींत. कांहीं वर्गाच्या पातळीच्या खालचीं, कांहीं वरचीं. मंडळाचेंच ‘किशोर’ हें मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंकहि मुलांना नवेच असतात. मंडळानें आपलीं पुस्तकें संगणकावर विनामूल्य खुलीं केलेलीं आहेत. त्यामुळें एकाच विषयावरचा आपल्या पुस्तकांतील धडा आणि दुसऱ्या इयत्तेंतील धडा शेजारीं ठेवून पाहणें आज खेड्यांतल्या शिक्षकालाहि शक्य झालें आहे.

ही सर्व निवड एकट्यानें करण्यापेक्षां तिघांनीं मिळून करावी. खाजगी पुस्तकें लावणाऱ्या शाळांत विक्रेत्यांचे नमुने हिंवाळ्यापासून येऊं लागतात. त्या वेळीं तीन शिक्षकांनीं नमुने घ्यावे, प्रत्येकानें वर सांगितल्याप्रमाणें मुलांकडून वाचून घ्यावे आणि आपलें मत कारणांसह वहींत लिहावें. किंमत आणि सवलत यांचा कागद सर्वांत शेवटीं उघडावा. आधीं सवलत पाहिली कीं मागाहून गुण शोधले जातात, हा मनुष्यस्वभाव आहे. एकदां निवडलेलें पुस्तक सबळ कारणावांचून दरवर्षीं बदलूं नये. धाकट्या भावंडाचा त्यावर हक्क आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठीं केंद्राची शिक्षण परिषद भरते. तेथें परिपत्रकांच्या जोडीला प्रत्येक शाळेनें एक धडा घेऊन यावें. कोणत्या शब्दाशीं किती मुलें अडलीं, कोणता प्रश्न कोणालाच समजला नाहीं, कोणतें चित्र पाहून मुलें हंसलीं आणि कोणतें पाहून गप्प बसलीं, याची नोंद वाचावी. अशा नोंदी एकत्र करून मंडळाकडे पाठविल्या, तर त्या नुसत्या तक्रारी राहणार नाहींत; पुढची आवृत्ति लिहिणाऱ्या समितीला तें साहित्य होईल. २०२३ सालीं पाठ्यपुस्तकांतच लिहिण्यासाठीं कोरीं पानें घालण्याचा प्रयोग सुरू झाला आणि २०२५ सालीं तो मागें घेण्यांत आला. सबंध राज्यावर करावयाचे असे प्रयोग आधीं कांहीं वर्गांत करून पाहणें आणि त्या वर्गांतल्या शिक्षकांच्या नोंदी वाचणें, हें कमी खर्चाचें आणि अधिक शहाणपणाचें ठरेल.

कोठारी आयोगानें सुचविलेलीं तीन-चार पुस्तकें मराठी शिक्षकासमोर उद्यां येतील किंवा येणार नाहींत. तीं आलीं, तरी मुलाकडून पान वाचून घेण्याची संवय ज्या शिक्षकाला नाहीं, त्याला चार पुस्तकांतूनहि योग्य पुस्तक सांपडणार नाहीं. आणि ही संवय ज्याला आहे, तो ठरून आलेल्या एकाच पुस्तकांतून तांड्यावरच्या मुलासाठीं एक, ऊसतोडीला निघालेल्या मुलासाठीं दुसरें आणि पुढें धांवणाऱ्या मुलासाठीं तिसरें पुस्तक काढील. जून महिन्यांत जें कोरें पुस्तक घरीं जातें, तें सर्वांना सारखेंच असतें. मार्च महिन्यापर्यंत तें कोणाचें किती आपलें झालें, हें मात्र शिक्षकाच्या निवडीवर अवलंबून राहतें.